उतारशाळेतली माणसं

तानसेन हे नेपाळच्या पाल्पा जिल्ह्यातलं डोंगरावरचं गाव. गोरखपूरपर्यंत रेल्वे, तिथून जीपने सोनौलीची सरहद्द, मग भैरहवा, बुटवल. बुटवल मागे पडलं की तिनाऊ नदीच्या कडेने वळणं घेत चढणारा सिद्धार्थ राजमार्ग. आपल्याला व्हिसा लागत नाही. कमानीखालून पलीकडे गेलं, घड्याळ पंधरा मिनिटं पुढे केलं की परदेश सुरू. पाट्या देवनागरीत, त्यामुळे वाचता सगळं येतं आणि कळतं निम्मं. बाजारात ढाका कापडाच्या टोप्या टांगलेल्या, पितळी करुवे मांडलेले. हिवाळ्यातल्या सकाळी श्रीनगर टेकडीवर उभं राहावं तर खालचं खोरं धुक्याने काठोकाठ भरलेलं आणि उत्तरेला धवलगिरी, अन्नपूर्णा, माछापुच्छ्रे उन्हाने एकेक करून उजळत चाललेले.

नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना आमच्या मंडळीच्या वैद्यकीय पथकाबरोबर मी या गावातल्या मिशन हॉस्पिटलमध्ये गेले. आमच्या घरात मिशन या गोष्टीबद्दल अपार कृतज्ञता. डॉ. विल्यम वान्लेस यांनी 1890च्या दशकात मिरजेत रुग्णसेवा सुरू केली, त्या काळापासूनच्या कथा मी ऐकत आले होते. आजीच्या ओठांवर रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं कायम. निघताना तिने डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “जाशील तिथं प्रभूचं नाव सांग गं बाई.” तिच्या लेखी मिशन म्हणजे तेच. माझ्याही लेखी तोवर तेच होतं.

पहिल्याच सकाळी वॉर्डाच्या नेपाळी सिस्टरने आम्हा विद्यार्थिनींना दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या. आमची इथं नर्स म्हणून नोंदणी नाही, तेव्हा स्टाफ शेजारी असल्याशिवाय कोणत्याही रुग्णाला हात लावायचा नाही. आणि वॉर्डात आम्ही धर्माबद्दल बोलायचं नाही. पत्रकं वाटायची नाहीत, खाटेशी उभं राहून कुणाला प्रभूबद्दल सांगायचं नाही. नेपाळच्या 2015च्या संविधानाच्या 26व्या कलमाने दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई केली आहे. 2018पासून लागू झालेल्या दंडसंहितेत त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आहे. तिचं बोलणं शांत होतं आणि त्यात तक्रारीचा सूर नव्हता. ती स्वतः विश्वासणारी होती, आणि याच नियमात राहून वर्षानुवर्षं काम करत आली होती.

मग उरलं काय? हात उरले.

ऑर्थोपेडिक वॉर्डात झाडावरून पडलेली माणसं दिसायची. डोंगरात हिवाळ्यात गवत वाळून जातं; म्हशी-शेळ्यांसाठी उंच झाडांवर चढून पाला तोडावा लागतो. पाय घसरला की मांडीचं हाड जातं, नाहीतर मणका. शेजारच्या वॉर्डात चुलीच्या धुरात आयुष्य गेलेल्या आमा, म्हणजे म्हाताऱ्या आया, दोन शब्द बोलल्या की दम लागणाऱ्या. जळलेली लेकरं. तराईतून आलेला एखादा साप चावलेला. आजार वेगवेगळे, पण त्यांच्यामागे कष्ट तेच: सरपण, चारा, चूल, चढण.

त्यातला एक चाळिशीचा शेतकरी. पाला काढताना पडला होता. रस्त्यापासून घर लांब, म्हणून गावकऱ्यांनी त्याला डोकोत, म्हणजे पाठीवरच्या टोपलीत बसवून, कपाळाला नाम्लोचा पट्टा लावून पाठीवरून खाली आणलं होतं. कमरेच्या वरचा मणका मोडला होता, दोन्ही पाय बधिर झाले होते. अशा रुग्णाच्या बाबतीत मोडलेल्या हाडाइतकीच भीती असते ती कातडीची. निरोगी माणूस झोपेतसुद्धा कूस बदलत असतो. बधिर अंगाला दाब कळतच नाही. माकडहाड, नितंब, टाचा यांच्यावर सतत भार पडला की तिथलं रक्त अडतं आणि आतून जखम तयार होते. ती चिघळली तर माणूस दगावतो. म्हणून दर दोन तासांनी कूस. एकजण खांद्यापाशी, एकजण कमरेपाशी, एकजण पायांपाशी, आणि ‘एक, दुई, तीन’ म्हणताच ओंडका लोटावा तसं सगळं अंग एका रेषेत वळवायचं. मणक्याला पीळ बसता कामा नये.

कूस वळली की पाठ बघायची. ओल टिपायची. चादरीची चुणी ओढून सपाट करायची, कारण तेवढी चुणीही पुरे होते. दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी, टाचा अधांतरी राहतील असा आधार. कुठे लाली दिसली तर तिथं बोटाने दाबून बोट उचलायचं. लाली क्षणभर फिकी पडून परत आली तर रक्त वाहतं आहे. तशीच लाल राहिली तर जखमेची सुरुवात आहे. मग तिथं चोळायचं नाही, त्या कुशीवर ठेवायचंच नाही. हे सगळं मी पहिल्या वर्षी शिकले होते, मॅनेकिनवर केलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं.

त्या दिवशी मी बोट पुढे केलं तेव्हा सिस्टरने ते हलकेच बाजूला केलं, आणि खाटेपाशी बसलेल्या त्याच्या बायकोचा हात धरून तिचं बोट तिथं ठेवलं. तिकडे रुग्णाच्या सोबतीला राहणाऱ्याला कुरुवा म्हणतात. जेवण, अंग पुसणं, रात्र जागणं, सगळं कुरुवाच्या अंगावर. ती बाई आधी दचकली. इतक्या माणसांसमोर नवऱ्याच्या उघड्या पाठीला हात लावायचा म्हणून संकोचलीही असेल. तिच्या बोटाला कोयत्याचे जुने घट्टे होते. सिस्टर म्हणाली, “बिस्तारै, दिदी.” हळूच, ताई. तिने दाबलं, उचललं, वाकून पाहिलं. लाली गेली आणि परतली. तिने सिस्टरकडे पाहिलं, सिस्टरने मान हलवली. बाहेर आल्यावर सिस्टर मला म्हणाली, “तू जाशील, मी इथं राहीन. पण तो डोंगरावर घरी गेला की तिथं सिस्टर तीच.”

पुढे मी रोज तिच्या शेजारी उभी राहू लागले. काही दिवसांत वेळ झाली की तीच आम्हाला हाक मारायची, आता डाव्या कुशीवर म्हणून खुणेने सांगायची. मी तिला येशूबद्दल एक शब्द सांगितला नाही. पण माझी श्रद्धा इतकी कामाला लागल्याचं मला त्याआधी कधी जाणवलं नव्हतं. बोलण्याची सोय असती तर मी बोलले असते, आणि बोलून समाधानाने झोपले असते. ती सोय नसल्यामुळे जे काही म्हणायचं ते चादरीच्या चुणीपर्यंत, टाचेखालच्या घडीपर्यंत उतरवावं लागलं. तिथं खोटं चालत नाही. दोन तास म्हणजे दोनच तास. कातडी शाबूत आहे की नाही, एवढाच हिशोब.

या हॉस्पिटलच्या जन्मकथेतही हेच आहे. रॉबर्ट फ्लेमिंग हे मसुरीच्या वूडस्टॉक शाळेतले अमेरिकन शिक्षक आणि पक्षितज्ज्ञ. परक्यांना नेपाळ जवळजवळ बंदच होता, तेव्हा 1949मध्ये पक्ष्यांच्या अभ्यासासाठी त्यांना परवानगी मिळाली. पुढच्या एका मोहिमेत, 1951–52च्या हिवाळ्यात, त्यांच्याबरोबर डॉक्टर असलेल्या पत्नी बेथेल आणि डॉ. कार्ल फ्रेडरिक्स होते. तानसेनमध्ये काही आठवडे दवाखाना चालला, आणि रोग्यांची रीघ लागली. पाहुणे निघून जाणार हे गावाला माहीत होतं. म्हणून तिथल्या लोकांनी मागितलं ते कायमचं हॉस्पिटल. सरकारची परवानगी 1953मध्ये आली, आणि 5 मार्च 1954 रोजी युनायटेड मिशन टू नेपाळची स्थापना झाली, ती आपल्या नागपुरात! नेपाळसाठीच्या मिशनचा पाया आजच्या महाराष्ट्राच्या मातीत घातला गेला, याचा मला फार अभिमान वाटतो. सरकारशी केलेल्या करारांत धर्मप्रसार न करण्याची अट होती. ती मान्य करून ही माणसं आली, त्यांनी नेपाळी नर्सेस तयार केल्या, आणि आज वॉर्ड सांभाळणाऱ्या त्याच आहेत.

नेपाळात साप्ताहिक सुट्टी शनिवारी असते, म्हणून चर्चची उपासनाही शनिवारीच. चपला बाहेर, सगळे जमिनीवर मांडी घालून, मादलाच्या तालावर गाणी. “जय मसीह” म्हणून एकमेकांना नमस्कार. तिथं बसले असताना चांगल्या शोमरोन्याचा दाखला माझ्या मनात नव्याने उलगडला. रस्त्यात पडलेल्या जखमी माणसाला तो काहीच उपदेश करत नाही. तेल आणि द्राक्षारस घालून जखमा बांधतो, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत आणतो, रात्रभर काळजी घेतो. आणि दुसऱ्या दिवशी तो निघून जातो! उतारशाळेच्या रक्षकाला दोन दिनार देतो, आणखी खर्च झाला तर परतताना फेडीन म्हणतो आणि आपल्या वाटेला लागतो. जखमी माणूस बरा होतो तो त्या रक्षकाच्या हातांखाली. त्याच्यावर आम्ही कधी प्रवचन ऐकलं नाही, त्याच्या नावाने कुणी हॉस्पिटल काढलं नाही. पण पुढच्या सगळ्या रात्री त्याच्या.

मिशनच्या प्रवासाला निघणाऱ्या माझ्यासारख्या मुली फार तर शोमरोनी होऊ शकतात, आणि तेही थोडं नाही. थांबून जखम बांधणं हे मोठंच काम. पण ज्याला जायचं आहे त्याने आपली सेवा मागे राहणाऱ्याच्या हाताशी जोडून द्यायला हवी. ड्यूटी संपताना आपण पुढच्या पाळीच्या सिस्टरला हँडओव्हर देतो: कोणती कूस, किती वाजता, कुठे लाली. तो नीट झाला नाही तर बारा तासांची मेहनत वाया जाते. परदेशातली सेवाही अशीच सोपवावी लागते.

आता धाकट्या मुली मला विचारतात, जावं का? मी म्हणते, अवश्य जा. प्रार्थना करून जा आणि हात तयार ठेवून जा. तिथल्या सिस्टरच्या शब्दाबाहेर जाऊ नका. तिच्या वॉर्डात तुम्ही शिकायला आला आहात. तिला कोणत्या कामात माणूस कमी पडतो ते विचारा आणि तेच करा, मग ते बेडपॅन धुण्याचं का असेना. परत आल्यावर गरिबांच्या उपचारांच्या निधीला दरवर्षी काही ना काही पाठवा, कारण दोन दिनार द्यायचे शोमरोनी विसरला नव्हता. आणि ज्या बाईला डोंगरावर एकटीने दर दोन तासांनी उठायचं आहे, तिचं बोट एकदा तरी नीट धरून योग्य जागी ठेवा. प्रभूचं नाव सांगण्याचा याहून खरा मार्ग मला सापडलेला नाही.