फाइलीचे स्वतःचे नियम

इमॅक्स या एडिटरची मुक्त, जीएनयू आवृत्ती १९८५ पासून उपलब्ध आहे. सर्व फाइलींसाठी त्यात एकच सामाईक मांडणी करून ठेवता येते. परंतु एखाद्या फाइलीच्या शेवटी चार ओळी लिहून तिच्यापुरते वेगळे नियमही सांगता येतात. 'ओळ सत्तर अक्षरांवर मोड' एवढेच सांगितले, तर तो निमूटपणे ऐकतो. माझ्या मराठी टिपणांच्या फाइलींत मात्र आणखी एक ओळ असते : फाइल उघडताच देवनागरी कळफलक सुरू कर. ही नुसती नोंद नव्हे, आज्ञा आहे. ती चालवावी लागते. म्हणून इमॅक्स थांबतो, ती ओळ दाखवतो आणि विचारतो, चालवू का?

हे विचारणे पुष्कळांना कटकटीचे वाटते. परंतु २०१९ साली व्हिम या दुसऱ्या एडिटरमध्ये अशाच ओळींच्या वाटेने एक पळवाट सापडली होती. कुणी मुद्दाम रचलेली फाइल नुसती उघडली, तरी तिच्यातली आज्ञा न विचारता चालत असे. पुढे ती दुरुस्त झाली.

माझ्या अशा फाइलींपैकी एक हिवरे बाजारवरील टिपणांची आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातले हे गाव पर्जन्यछायेतले. राज्याचे कायदे त्यालाही लागू आहेतच. पण त्यांखाली गावाने आपल्या ओळी लिहिल्या : शेतीसाठी कूपनलिका नको, ऊस-केळी नको, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी. पडलेला पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. माणसांचे व जनावरांचे पिण्याचे पाणी आधी, पिके नंतर. कोकणातल्या गावाला हे नियम निरर्थक वाटतील. ते इथल्या पावसासाठी लिहिलेले आहेत.

मला महत्त्वाची वाटते ती ग्रामसभा. पोपटराव पवारांचे नेतृत्व आणि त्यांना मिळालेली पद्मश्री आपण जाणतो. पण विहिरीत पाणी दिसत असताना उसावाचून राहायचे, हे ज्याला पाळायचे आहे, त्याच्यापुढे तो नियम वाचला गेला पाहिजे. त्या ओळी उचलून दुसऱ्या गावाच्या माथी मारल्या, तर ती परक्या फाइलीतली आज्ञाच ठरेल.

इमॅक्सच्या प्रश्नाला 'कायमचे मान्य' असेही उत्तर देता येते. माझ्या कळफलकाच्या ओळीला मी ते दिले आहे. दुसऱ्याच्या फाइलीला देत नाही. प्रत्येक वेळी ओळ वाचतो, मगच होय म्हणतो.