काळ्या दगडावरची रेघ

फिल्म म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं मी आयुष्यभर म्हणत आलो. कृष्णधवलवरची माझी सगळी श्रद्धा या एका म्हणीवर उभी होती. उजेड पडला, डेव्हलपरमध्ये चांदीचे क्षार काळवंडले, फिल्म प्रतिमा पक्की करणाऱ्या हायपोतून निघाली की झालं. पण हल्ली ती म्हणच मला स्वस्थ बसू देत नाही. रेघ कोरणारा एकदाच कोरून थांबतो का?

छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स आठवतो. न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर चंद्र उगवलेला, दफनभूमीतल्या क्रुसांवर उतरतं ऊन, आणि लाइट मीटर सापडेना. चंद्राची दीप्ती त्याला पाठ होती. तिच्यावरून हिशेब बांधून त्याने एफ ३२ वर एक सेकंदाचं एक्स्पोजर दिलं. होल्डर उलटून दुसरी फिल्म लावेपर्यंत क्रुसांवरचं ऊन गेलं. म्हणजे रेघ एकच.

पण १९४८ मध्ये त्याने त्याच निगेटिव्हचा खालचा भाग रसायनाने दाट करून घेतला. कोरलेली रेघ पुन्हा कोरली, तर ती तीच राहते? त्या निगेटिव्हवरून तो अनेक दशकं प्रिंट काढत राहिला. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आकाशात फिकट ढग आहेत. पुढे ते आकाश काळं होत गेलं. ॲडम्स मूळचा पियानो शिकलेला. निगेटिव्ह ही त्याच्या लेखी स्वरलिपी होती आणि प्रिंट हे वादन. बंदिश तीच असली तरी सत्तरीतला गवई ती तिशीतल्यासारखी गात नाही, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

त्या संध्याकाळची तारीखही त्याला नक्की आठवत नव्हती. पुढे खगोलशास्त्रज्ञांनी फोटोतल्या चंद्रावरून ती काढली: आधी ३१ ऑक्टोबर १९४१, मग गणित सुधारून १ नोव्हेंबर. चंद्राची साक्षसुद्धा दोनदा नोंदवावी लागली.

मग खरं आकाश कोणतं? ढगांचं म्हणावं, तर लेन्सवरच्या पिवळ्या फिल्टरने निळाई आधीच गडद केली होती. कृष्णधवल बदलत नाही म्हणून मला प्रिय, असं वाटायचं. आता वाटतं, ते बदलू देतं म्हणून असेल. पण मग मी जपलं ते काय? माझी जुनी निगेटिव्ह एन्लार्जरमध्ये घातली की हात आपोआप आकाश गडद करू लागतो. ते तसं होतं म्हणून, की मला आता तसं हवंय म्हणून? ती तशीच ठेवावी, पुढच्या कुणी तिचं आकाश ठरवावं, असंही मनात येतं. पण त्याला त्या दिवशीचं ऊन ठाऊक नसेल. आणि मला तरी ते अजून ठाऊक आहे का?