परतीची वाट

वेदना एकीकडे आणि विकार दुसरीकडे, हा अनुभव वैद्यांप्रमाणेच पियानो दुरुस्त करणाऱ्यांनाही नित्याचा असतो. मुंबईच्या एका पावसाळ्यात आमच्या ग्रँड पियानोची एक पट्टी रुसली. पहिला आघात उमटे. लगेच दुसरा करावा, तर नुसते मौन! एका कारागिराने सारे हातोडे बदलण्याचा खर्च सांगितला, तेव्हा आजीचे हे वाद्य विकून टाकावे, इथवर घरातले बोलणे गेले.

मग एक वृद्ध कारागीर आले. त्यांनी पट्ट्यांसह सारी यंत्ररचना खणासारखी बाहेर ओढली. पट्टी मोकळी होती. पण बोटाने उचलून सोडलेला हातोडा पेंगल्यासारखा हळूहळू खाली येत होता. पट्टी पुरती वर येण्याआधीच पुन्हा आघात करता यावा, ही सोय 1821 साली एरार घराण्याने पेटंट घेतलेल्या रचनेने ग्रँड पियानोला दिली. परंतु हातोडा परतलाच नाही, तर त्याला ढकलणारा दांडा त्याच्याखाली पुन्हा येणार कसा? हातोड्याच्या सांध्यातली पिन बनातीच्या अस्तरात फिरते. ती बनात दमट हवेने फुगली होती. कारागिरांनी तिचे छिद्र किंचित रुंद केले आणि स्वर बोलू लागला!

88 पट्ट्यांच्या वाद्याचा निकाल नखाएवढ्या चिंधीवरून लागणार होता. एकदा बोलून गप्प झालेल्या माणसालाही आपण असेच मुके ठरवतो. त्याची परतीची वाट मोकळी आहे की नाही, हे कितीजण पाहतात?