उजेडाची कड

नाकावर चाळिशी आली, की माणसाला अंधाराचा नव्याने धाक वाटू लागतो. आम्ही दोघेही मराठीचे प्राध्यापक, दिवसभर छापील अक्षरांत वावरणारे. आमच्यापैकी एकीचे माहेर रत्नागिरीचे असल्याने कोल्हापूरहून आंबा घाट वर्षातून चार-पाच वेळा तरी उतरावा लागतो. आमच्या बारा वर्षांच्या मोटारीचे दिवे रात्री पणतीसारखे मिणमिणू लागले, तेव्हा एका दुकानात जाऊन हॅलोजनचे बल्ब काढले आणि एलईडीचे बसवून घेतले. अंगणात पडलेला तो पांढराशुभ्र उजेड पाहून आम्ही धन्य झालो.

हे धन्यत्व घाटापर्यंतही टिकले नाही. मलकापूर सोडल्यावर समोरून येणारी एक दुचाकी जवळ येता येता डगमगली आणि रस्ता सोडून चरात उतरली. नवरा, बायको आणि मध्ये एक लहानगी. सुदैवाने खरचटण्यावर निभावले. आम्ही धावत गेलो. त्या गृहस्थांनी शिव्या दिल्या नाहीत. मुलीच्या फ्रॉकवरची माती झटकत ते एवढेच म्हणाले, "साहेब, डोळ्यापुढं निस्ता पांढरा पडदा. रस्ता कुठाय त्येच दिसंना."

दिवे तर आम्ही डिपरवरच ठेवले होते. मग चुकले कुठे?

उत्तर आमच्या नेहमीच्या मिस्त्रींनी दिले. त्यांनी गाडी गॅरेजच्या भिंतीसमोर उभी केली आणि दिवे लावले. भिंतभर नुसता उजेड सांडला होता. त्याला वर-खाली अशी कड म्हणून नव्हतीच. मग त्यांनी आमचा जुना बल्ब हातात दिला. त्याच्या आत दोन तारा असतात, ५५ वॅटची जवळच्या आणि ६० वॅटची लांबच्या उजेडासाठी. त्यांतल्या डिपरच्या तारेखाली धातूची एक इवलीशी वाटी असते. परावर्तकाच्या खालच्या अर्ध्या भागाकडे जाणारा उजेड ती अडवते. त्यामुळे प्रकाश केवळ वरच्या भागावर आदळून खाली रस्त्यावर उतरतो. वाटीची एक कड किंचित तिरकी असते, म्हणून आपल्या डाव्या बाजूचा पादचारी दिसतो आणि उजवीकडून येणाऱ्याचे डोळे वाचतात. दिव्याची सारी रचना त्या तारेच्या नेमक्या जागेवर बेतलेली. तिथे भलत्या जाडीचा, भलतीकडे तोंड केलेला एलईडी बसवला, की हिशेबच कोसळतो.

मिस्त्रींनी आधी एलईडीची कडी सैल करून त्याचे चिप डावी-उजवीकडे तोंड करतील असे फिरवून पाहिले. थोडी कड उमटली, पण तिच्यावर झगझगीत डाग राहिलेच. "सर, ह्ये ह्या दिव्याचं न्हवं," ते म्हणाले. आम्ही मान डोलावली.

मग जुन्याच जातीचे नवे बल्ब आले. पिवळट पडलेल्या काचा घासून लख्ख झाल्या. जुन्या बारीक तारांतून बल्बपर्यंत पुरेसा दाब पोहोचत नव्हता. तो १० टक्क्यांनी घटला, तर हॅलोजनचा उजेड जवळजवळ ३० टक्क्यांनी घटतो. म्हणून रिले लावून बॅटरीपासून जाड तार ओढली. शेवटी चाकांतली हवा तपासून, आमच्यापैकी एकाला चालकाच्या जागी बसवून, गाडी भिंतीपासून १० मीटरवर उभी केली. दिव्याच्या मध्याच्या उंचीवर खडूची रेघ मारली आणि उजेडाची कड तिच्याखाली १० सेंटिमीटर येईपर्यंत स्क्रू फिरवला.

आमच्या लहानपणी मोटारींच्या दिव्यांचा वरचा भाग काळा रंगवलेला असे. तो प्रकार तेव्हा आम्हाला अडाणीपणाचा वाटे. त्या काळ्या रंगात समोरच्या अनोळखी माणसाची काळजी होती, हे कळायला कुणाची तरी लेक चरात पडावी लागली, याची लाज वाटते. आम्ही आमच्यापुरता उजेड मोजला होता. तो कुठे थांबतो, हे पाहिलेच नव्हते.

परवा पुन्हा घाटाकडे निघालो. उजेड पूर्वीच्या पांढऱ्या झोतापेक्षा कमी, पण डांबरावर नेमका पडलेला. झाडांचे शेंडे अंधारात. मलकापूरच्या पुढे समोरून एक दुचाकी आली. आम्ही दोघेही श्वास रोखून बसलो. ती सरळ निघून गेली.