मैदानावरचे ग्रंथालय

मोल्सवर्थचा कोश आता आपण बहुधा संगणकावरच उघडतो, आणि तो तेथे आपल्याला उपलब्ध करून दिला आहे शिकागो विद्यापीठाने. १८५७ साली मुंबईत निघालेल्या आवृत्तीचा हा प्रवास मोठाच म्हणायचा. त्याच विद्यापीठाच्या रीगनस्टाइन ग्रंथालयात दक्षिण आशियाई भाषांचा विस्तीर्ण संग्रह आहे. मराठी पुस्तकेही त्यात आहेत. हे ग्रंथालय १९७० साली उघडले. ते ज्या भूमीवर उभे आहे तेथे पूर्वी विद्यापीठाचे फुटबॉलचे मैदान होते. मैदान गेले आणि पुस्तके आली, हे ऐकून आम्हां साहित्यवाल्यांना जो आनंद होतो तो मात्र जरा तपासून घ्यावा, असे आम्हांला अलीकडे वाटू लागले आहे.

फुटबॉल म्हणजे येथे अमेरिकेचा फुटबॉल: लंबगोल चेंडू हातात धरून प्रतिपक्षाच्या भिंतीत घुसण्याचा खेळ. १८९२ साली विद्यापीठाचे वर्ग सुरू झाले त्याच वर्षी अध्यक्ष हार्पर यांनी एमोस अलोन्झो स्टॅग यांना खेळाचे प्रमुख म्हणून आणले, तेही अध्यापकाच्या कायम पदावर. नव्या विद्यापीठाला नाव हवे होते, आणि ग्रंथांपेक्षा चेंडू ते लवकर मिळवून देतो हे हार्परांना कळत होते. पुढे ‘बिग टेन’ म्हणून गाजलेल्या गटाच्या १८९६च्या संस्थापकांत शिकागो होते. १९०५ साली त्यांनी मिशिगनला २–० असे हरवले. त्याआधी मिशिगन ५६ सामने अपराजित होते. १९३५ साली महाविद्यालयीन फुटबॉलमधील सर्वोत्तम खेळाडूचा पहिला करंडक (आज तो हाइझमन करंडक म्हणून ओळखला जातो) मिळाला तो शिकागोच्याच जे बरवँगरला. व्यावसायिक संघांनी १९३६ साली पहिल्यांदा खेळाडू निवडले तेव्हा पहिले नाव त्याचेच होते. तो व्यावसायिक खेळ कधी खेळला नाही.

आणि चारच वर्षांत सारे संपले. १९३९च्या हंगामात शिकागो मिशिगनकडून ८५–०, ओहायो स्टेट आणि हार्वर्डकडून प्रत्येकी ६१–० असे हरले. लहानशा बेलॉइट महाविद्यालयानेही त्यांना ६–० असे नमवले. डिसेंबरात विश्वस्तांनी संघच बंद केला. यामागे होते रॉबर्ट मेनार्ड हचिन्स. १९२९ साली वयाच्या तिसाव्या वर्षी अध्यक्ष झालेला हा मनुष्य अभिजात ग्रंथांच्या वाचनावर सारे शिक्षण उभारू पाहत होता. त्याला फुटबॉलद्वेष्टा म्हणून आमच्यासारखे लोक डोक्यावर घेतात, ते चुकीचे आहे. १९३८च्या त्याच्या गाजलेल्या लेखाचा रोख खेळावर नाही, तिकिटांच्या पैशावर आहे. प्रवेशमूल्य दहा सेंटांवर आणा, प्रशिक्षकांना अध्यापकासारखी शाश्वती द्या, म्हणजे त्यांची नोकरी गल्ल्यावर अवलंबून राहणार नाही, असे तो सुचवत होता. त्याला चीड होती ती विद्यार्थी म्हणायचे आणि कमाईसाठी राबवायचे या ढोंगाची.

मैदान रिकामे झाल्यावर तेथे लगेच पुस्तके आली नाहीत, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. आधी आला अणू. २ डिसेंबर १९४२ रोजी स्टॅग मैदानाच्या पश्चिम प्रेक्षागाराखालच्या स्क्वॉशच्या दालनात फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिली नियंत्रित अणुविखंडन-साखळी घडवून आणली. खेळाची जागा मोकळी केली की ती आपोआप विद्येकडे जाते, अशी कोणाची समजूत असेल तर तिला हे उत्तर पुरेसे आहे.

फुटबॉल परतला तोही विद्यार्थ्यांचा रोष ओढवून. १९६३ साली एका सामन्याच्या वेळी विद्यार्थी मैदानात ठाण मांडून बसले होते. तरी १९६९ साली अधिकृत संघ पुन्हा उभा राहिला, आणि आज तो तिसऱ्या श्रेणीत खेळतो. या श्रेणीत खेळासाठी शिष्यवृत्ती नसते. पोरे अभ्यास करतात आणि संध्याकाळी सरावाला जातात. २०१७ साली हा संघ फुटबॉलपुरता मिडवेस्ट गटात दाखल झाला, आणि त्या गटात पूर्वीचे ते बेलॉइटही होते! हचिन्सला हवा होता तो खेळ बहुतांशी असाच असावा.

जुना बिग टेन मात्र २०२४पासून अठरा विद्यापीठांचा झाला आहे (नाव तेच ठेवले आहे, गणिताचे विभाग काय म्हणत असतील कोण जाणे). जून २०२५मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर मोठी विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षाची मर्यादा प्रत्येक विद्यापीठाला सुमारे दोन कोटी पाच लक्ष डॉलर. राबणाऱ्याला त्याचे दाम मिळाले, यात वाईट काही नाही. ढोंग गेले. पण हचिन्सचा आक्षेप ढोंगावर होता तसा हिशेबावरही होता, आणि हिशेब गेलेला नाही. आता तो केवळ मैदानापुरता राहिलेला नाही इतकेच.

कारण त्याच उन्हाळ्यात, ऑगस्ट २०२५मध्ये, शिकागोच्या मानव्यविद्या शाखेने बहुतेक विभागांत २०२६-२७ या वर्षासाठी पीएच.डी.चे नवे विद्यार्थी न घेण्याचे ठरवले. पैशाचा प्रश्न हे कारण होते. १९३९ साली निदान एका तत्त्वासाठी संघ बंद झाला होता. येथे तत्त्व कोणते, हे आम्हांला शोधूनही सापडले नाही. आमच्या मराठी विभागांतून रिकाम्या जागा वर्षानुवर्षे भरल्या जात नाहीत तेव्हाही ते सापडत नाही.

२०२६च्या सप्टेंबरातला हंगाम ठरलेला. नव्या स्टॅग मैदानावर पहिल्या वर्षाची मुले गणवेश चढवून उतरायची, विनामूल्य खेळायची. तेथून काही चौक अंतरावर, जुन्या मैदानाच्या जागी, मराठी पुस्तके फडताळांत असतील, मोल्सवर्थ कोणालाही उघडता येईल. ती पुस्तके वाचायला यावयाची तरुण मंडळी मात्र त्या वर्षी बहुतेक विभागांत नसतील.