साठ कार्डांची शर्त

पोकेमॉनची कार्डं मुलांना घेऊ द्यावीत की नाही, हा प्रश्न आता आमच्या पालकसभेत हमखास येतो. अम्मी विचारतात, "सर, हा जुगार तर नाही ना?" अब्बांची चौकशी बहुधा पैशांची असते. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. म्हणून आम्ही दोघा-तिघा शिक्षकांनी या खेळाचे नियमच वाचून काढले.

मधल्या सुट्टीत मुलं जे खेळतात ते असं : दोघांनी एकेक कार्ड खाली ठेवायचं, ज्याच्या कार्डावरचा आकडा मोठा त्याने दोन्ही उचलायची. स्टेशनरीच्या दुकानातली ती सोनेरी, चकचकीत कार्डं बहुतेक नकली असतात आणि त्यांवरचे आकडे मनाला येतील तसे छापलेले असतात. ज्याचे अब्बा आखातात, त्याच्या खिशात जाड गठ्ठा. पाच कार्डं घेऊन आलेलं पोर सुट्टी संपेपर्यंत मोकळ्या हाताने वर्गात येतं आणि मग दिवसभर त्याचं लक्ष फळ्याकडे नसतं. याला जुगार म्हणायला आम्हाला संकोच वाटत नाही. मात्र हा पोकेमॉनचा खेळ नव्हे.

खऱ्या खेळात प्रत्येकाने आपला गठ्ठा, म्हणजे डेक, आधी बांधून आणायचा असतो आणि तो कायदेशीर असावा लागतो. डेकमध्ये बरोबर ६० कार्डं, ना एक कमी ना एक जास्त. एकाच नावाची फार तर ४; फक्त मूलभूत ऊर्जेची कार्डं हवी तितकी. किमान एक 'बेसिक' पोकेमॉन हवाच, नाहीतर डाव सुरूच होत नाही. 'एस स्पेक' जातीची जोरदार कार्डं असतात, त्यांतलं सबंध डेकमध्ये एकच चालतं. सुरुवातीला प्रत्येकजण ६ कार्डं 'प्राइझ' म्हणून पालथी ठेवतो, पण तीही स्वतःचीच असतात. डाव संपला की ज्याची कार्डं त्याच्या घरी.

हे शहाणपण एका दिवसात आलेलं नाही. अशा खेळांची सुरुवात १९९३ मध्ये अमेरिकेत 'मॅजिक : द गॅदरिंग'पासून झाली. रिचर्ड गारफील्ड या गणिताच्या अभ्यासकाने तो रचला. सुरुवातीला नियम एवढाच की डेकमध्ये किमान ४० कार्डं हवीत. एकाच कार्डाच्या किती प्रती, याला मर्यादा नव्हती. ज्याच्याकडे पैसे होते त्याने 'ब्लॅक लोटस'सारखी जबर कार्डं गोळा करून भरली, मग समोरच्याला खेळायला उरलंच काय? शिवाय प्रत्येकाने एक कार्ड पणाला लावायचं आणि जिंकणाऱ्याने ते कायमचं न्यायचं, असाही नियम होता. म्हणजे थेट आमच्या मधल्या सुट्टीतला! तो फारसा कुणाला आवडला नाही, जुगाराची शंकाही आली, आणि तो मागे पडला. अशा पणाची कार्डं आज अधिकृत स्पर्धांत बंद आहेत. १९९४ मध्ये ६० कार्डं आणि ४ प्रतींची मर्यादा आली.

उर्दूत शर्त म्हणजे पैज आणि शर्त म्हणजे अटही. हा खेळ पहिल्या शर्तीकडून दुसरीकडे आला, असं आम्ही वर्गात सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरची मुलंही हसली.

अब्बांच्या प्रश्नाचं उत्तर याच नियमांत थोडंफार सापडतं. 'स्टँडर्ड' प्रकारच्या स्पर्धेत फक्त अलीकडची कार्डं चालतात. कार्डाच्या खालच्या कोपऱ्यात एक लहानसं इंग्रजी अक्षर असतं, त्यावरून ते चालतं की नाही हे कळतं. १९९९ च्या पहिल्या इंग्रजी संचातलं चारिझार्ड लाखो रुपयांना विकलं जातं, पण ते या टेबलावर मांडता येत नाही. जुन्या श्रीमंतीला इथे मान नाही, ही गोष्ट आम्हाला आवडली. उलट बाजूही आहे : जुनी अक्षरं बाद होत जातात तशी नवी कार्डं घ्यावी लागतात. आणि बंद पाकिटातून काय निघेल हे नशिबावर सोडणं आम्हाला आजही खटकतं. पालकांना आम्ही एवढंच म्हणतो की पाकिटं फोडण्यापेक्षा खेळायला तयार मिळणारा डेक एकदाच घ्या. त्यात काय आहे ते आधी कळतं.

शनिवारी शाळा सुटल्यावर आता आमच्या वर्गात दोन बाकं जोडली जातात. मुलांनी आपल्या ६० कार्डांची यादी वहीत लिहून आणायची आणि दुसऱ्याने ती तपासायची, स्पर्धेत पंच तपासतात तशी. कार्ड पणाला लावायचं नाही. ऊर्जेची कार्डं कमी पडली तर वहीच्या कागदाची चालतील, ही सवलत आमच्या घरची. स्पर्धेत ती मिळणार नाही, हेही सांगून ठेवलं आहे.

मागच्या शनिवारी सहावीतल्या एका मुलीने आखातवाल्या मुलाची यादी तपासली. एकाच नावाची ५ कार्डं निघाली. तो म्हणाला, "पाचवं खूप महाग आहे." तिने यादीवर लाल रेघ मारून वही परत दिली, आणि तो खिशातला गठ्ठा काढून साठावं कार्ड शोधत बसला.