टेकाड आणि आडसर

मे महिन्याच्या सुट्टीत मावसभावाकडे लीड्सला गेले होते. एका रविवारी तो मला यॉर्क दाखवायला घेऊन गेला. ऊझ नदीच्या पलीकडे, शहराच्या जुन्या तटाच्या कोपऱ्यात झाडांनी भरलेलं एक टेकाड आहे. ते दाखवून म्हणाला, "आपा, ये भी किल्लाच है." मला हसू आलं. धाराशिव जिल्ह्यातल्या आमच्या गावची पडकी गढीसुद्धा याहून बरी दिसते.

पण तो खरंच किल्ला होता. 1066 मध्ये नॉर्मन राजा विल्यमने इंग्लंड जिंकलं, तेव्हा दगडी किल्ले बांधत बसायला त्याला सवड नव्हती. गोल खंदक खणायचा, निघालेली माती मधोमध थरावर थर चोपून रचायची, वर लाकडी बुरूज उभा करायचा. पायथ्याशी लाकडी कुंपणाचं आवार; त्यात शिपाई, घोडे, कोठार. टेकाडाला मॉट म्हणायचे, आवाराला बेली. (पुढे इंग्रजीत तोच शब्द टेकाड सोडून खंदकाला चिकटला. शब्द असे घरं बदलतात, हे भाषेच्या मास्तरणीला सांगितल्याशिवाय राहवत नाही.) यॉर्कमध्ये 1068 ला एक किल्ला झाला, बंड झाल्यावर 1069 ला नदीच्या दुसऱ्या काठावर आणखी एक. शहराच्या सात विभागांपैकी एक किल्ल्यांसाठी उजाड झाला, अशी नोंद 1086 च्या डूम्सडे पुस्तकात आहे. लाकूड जळलं, कुजलं. माती राहिली.

दुसरं टेकाड अलीकडच्या काठावर. त्याच्यावर तेराव्या शतकातला दगडी क्लिफर्ड्स टॉवर आहे, म्हणून पर्यटक तिथेच जातात. आवाराच्या जागी आता न्यायालय आणि संग्रहालय. आम्ही पायऱ्या चढणार, तोच पायथ्याशी लावलेली पाटी दिसली आणि मी तिथेच थांबले.

1190 चा मार्च. यॉर्कमधले ज्यू सावकारी करत. राजाला त्यांच्याकडून पैसा मिळे, म्हणून ते राजाच्या आश्रयाला. रिचर्ड राजा धर्मयुद्धाच्या तयारीत गुंतलेला, हवा तापलेली. रिचर्ड मालेबिससारखे कर्जात बुडालेले सरदार पुढे झाले. एका ज्यू सावकाराचं घर लुटून जाळलं. तेव्हा सुमारे दीडशे ज्यू, बायकामुलांसकट, किल्ल्याच्या लाकडी बुरुजात शिरले. किल्लेदाराने त्यांना आत घेतलं होतं. तो काही कामासाठी बाहेर गेला. परत आला, तर आतल्यांनी दार उघडलं नाही. हा आपल्याला विकून आला असेल, अशी भीती त्यांना वाटली.

किल्लेदार चिडला, शेरीफकडे गेला, वेढा पडला. 16 मार्चच्या रात्री रब्बी योम तोव यांच्या सांगण्यावरून बहुतेकांनी आपल्या हाताने आपल्या माणसांना संपवलं आणि बुरुजाला आग लावली. उरलेल्यांना सकाळी, ख्रिस्ती व्हा, जीव वाचेल, असं सांगून बाहेर बोलावलं आणि मारलं. मग जमाव थेट मोठ्या चर्चमध्ये गेला. तिथे ठेवलेले कर्जरोखे काढून जाळले. विल्यम ऑफ न्यूबर्ग या ख्रिस्ती धर्मगुरूने हे त्याच काळात लिहून ठेवलं, कर्जाचं कारणही लपवलं नाही. 1902 च्या सुमारास टेकाड खोदलं, तेव्हा आत जळकं लाकूड सापडलं.

मावसभाऊ म्हणाला, "आपा, रोज गाझाच्या बातम्या बघून जेवण सोडतेस, आणि इथे यहुद्यांच्या पाटीपुढे पंधरा मिनिटं?" मी म्हटलं, यांनी कुणाची जमीन घेतली होती? तो गप्प बसला, पण त्याला ते पटलं नव्हतं. मलाही माझं उत्तर पुरं वाटलं नाही. समजा घेतली असती, तर मी थांबले नसते का?

खरं म्हणजे मी त्या बंद दाराशी थांबले होते.

1948 च्या सप्टेंबरात, पोलीस ॲक्शननंतर, आमच्या भागात मुसलमानांची कत्तल झाली. त्याआधी रझाकारांनी हिंदूंची गावं जाळली होती, हेही दादी कधी वगळत नसे. आमच्या गावच्या पाटलांनी चौदा मुसलमान घरांतली बायकामुलं गढीत घेतली. तिसऱ्या दिवशी पाटील बाहेरगावी गेले, रात्री उशिरा परतले. आत बायकांनी आडसर काढायला नकार दिला. बाहेर आणखी कोण आहे, कुणास ठाऊक! दादी तेव्हा सतरा वर्षांची. आडसराला पाठ लावून बसलेल्यांत तीही होती. पाटील हाका मारून थकले, मग आपल्याच गढीच्या ओट्यावर पटका उशाला घेऊन झोपले. उजाडल्यावर दार उघडलं. ते आत आले आणि एवढंच म्हणाले, "ज्वारी संपली का?"

दादी हे हसत सांगायची, पण शरमेने पदर तोंडाला लावून. मी लहानपणी तिच्यावर चिडायचे, इतक्या चांगल्या माणसावर संशय घेतला म्हणून. यॉर्कच्या पायथ्याशी पहिल्यांदाच तिच्यावर चिडले नाही.

पायऱ्या चढलोच नाही. उतारावर डॅफोडिल्स लावलेले आहेत, मार्चच्या सुमारास फुलतात म्हणे. आता नुसती सुकलेली पाती होती. मावसभावाने चहा आणला, आम्ही बाकावर बसून प्यायलो.

आमची गढी आता निम्मीच आहे. पांढरी माती लोकांनी माळवदांसाठी नेली, दरवाजा विकला गेला. आडसर मात्र पाटलांच्या नातवाच्या गोठ्यात पडून आहे, असं चुलत्यांनी फोनवर सांगितलं. दिवाळीच्या सुट्टीत जाऊन बघणार आहे.